पार्किन्सन्ससाठी मेंदूची सर्जरी : कितपत सुरक्षित?

घरात आईला किंवा बाबांना पार्किन्सन्स असेल आणि डॉक्टरांनी ‘डीबीएस’चं, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं नाव काढलं, की पोटात गोळाच येतो. डोक्याला छिद्र पाडून मेंदूत तार घालायची, मग जिवाला धोका नाही ना?

तुमची भीती साहजिक आहे, पण हा काही कालचा प्रयोग नाही. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात डॉ. बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताची थरथर थांबवण्यासाठी ही पद्धत वापरायला सुरुवात केली. यात मेंदूच्या ठरावीक भागात बारीक तारा बसवतात आणि छातीच्या वरच्या बाजूला त्वचेखाली पेसमेकरसारखं यंत्र ठेवतात. अनेकदा रुग्ण जागाच असतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत.

धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. सर्वांत गंभीर म्हणजे मेंदूत रक्तस्राव. तो साधारण शंभरात एक-दोघांना होतो आणि त्यातही सगळ्यांनाच कायमचा त्रास राहत नाही. त्याहून जास्त वेळा दिसतो तो संसर्ग. कधी कधी त्यासाठी यंत्र काढावंही लागतं. बोलणं अस्पष्ट होणं, तोल जाणं, मूड बदलणं हेही घडतं, पण यंत्राचं सेटिंग बदलल्यावर यातलं बरंच कमी होऊ शकतं.

खरं तर सर्जरी कुणाची होतेय, यावर बरंच काही ठरतं. लेव्होडोपाची गोळी घेतल्यावर काही तास बाबा छान चालतात आणि असर उतरला की पुन्हा अडखळतात? अशा रुग्णांना फायदा होण्याची शक्यता जास्त. विसरभोळेपणा फार वाढला असेल तर मात्र डॉक्टर सहसा नकोच म्हणतात. शिवाय डीबीएसने आजार मुळापासून जात नाही. गोळ्या कमी होतात, पण बहुतेकांच्या पूर्ण बंद होत नाहीत.

घरी आल्यावरची काळजी मात्र बरेच जण विसरतात. गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपीला गेलात, तर यंत्राने दिला जाणारा डायथर्मीचा शेक अजिबात घ्यायचा नाही. त्या उष्णतेने मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. एमआरआयआधी यंत्राचं कार्ड दाखवा.

आणि पोहणं! २०१९ मध्ये झुरिचच्या डॉक्टरांनी अशा नऊ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, जे आधी उत्तम पोहायचे, पण डीबीएसनंतर त्यांना पोहताच येईना. चालणं सुधारलेलं, तरी पाण्यात हातापायांचा मेळ बसेना. म्हणून गावच्या नदीत किंवा रिसॉर्टच्या पूलमध्ये त्यांना एकटं उतरू देऊ नका.

बॅटरीचंही आधीच विचारून घ्या. साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, चार्ज होणारी जास्त टिकते, पण महाग पडते. ती अचानक संपली तर लक्षणं झपाट्याने परत येतात, तेव्हा पुढची अपॉइंटमेंट येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.