साहेब, ओळखपत्र दाखवा!

बालमित्रांनो, समजा, तुम्ही न्हावा-शेवा बंदरात एका प्रचंड मालवाहू जहाजाजवळ उभे आहात. जहाजावर चढायच्या शिडीपाशी एक खलाशी पहारा देतोय. इतक्यात एक रुबाबदार साहेब येतात आणि तडक शिडी चढू लागतात. खलाशी त्यांना अडवतो. "साहेब, ओळखपत्र दाखवा आणि या वहीत नाव लिहा." साहेब रागावतात, पण खलाशी जागचा हलत नाही.

उद्धट आहे का हो तो? मुळीच नाही! त्याला तसंच शिकवलंय.

ही शिकवणी कधी सुरू झाली, ठाऊक आहे? २००१ साली अमेरिकेत दहशतवाद्यांनी विमानं पळवून भयंकर हल्ला केला. उद्या जहाजांच्या बाबतीत असं घडलं तर? या काळजीनं देशोदेशींचे प्रतिनिधी लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत जमले. डिसेंबर २००२ मध्ये त्यांनी 'आयएसपीएस कोड' ही नियमावली मंजूर केली. १ जुलै २००४ पासून ती लागू झाली.

तेव्हापासून परदेशी ये-जा करणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजावर एक सुरक्षा अधिकारी असतो, तसाच बंदरातही असतो. पण नुसतं धाडस असून हे काम मिळत नाही बरं का! त्यासाठी खास प्रशिक्षण घ्यावं लागतं. सामान कसं तपासायचं, शस्त्रं आणि स्फोटकं कशी ओळखायची, संशय आला तर कुणाला कळवायचं, हे सगळं शिकावं लागतं. मगच प्रमाणपत्र हाती पडतं. आपल्या देशात जहाजावरच्या अशा प्रशिक्षणाला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाची मान्यता लागते.

आणि गंमत म्हणजे, जहाजावरच्या स्वयंपाक्यालाही सुरक्षेचे धडे घ्यावे लागतात! २०१० साली मनिला इथं तसं ठरलं. शिवाय दर तीन महिन्यांनी निदान एकदा सराव करायचा. तुमच्या पाढ्यांसारखंच! उजळणी नसली की ऐन वेळी आठवत नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही नियमावली मोठ्या जहाजांसाठी आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी मुंबईत आले, ते मात्र 'कुबेर' नावाची मासेमारी नौका बळकावून आणि शेवटी एका लहानशा रबरी होडीतून. एकशे साठहून अधिक माणसांचे प्राण गेले. बंदराच्या फाटकावर कितीही कडक पहारा असला, तरी सारा किनारा काही फाटकात मावत नाही!

म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्या मित्रांनो, अनोळखी होडी किंवा बेवारस वस्तू दिसली, तर हात लावू नका, जवळ जाऊ नका. लगेच मोठ्यांना सांगा. त्यांना सागरी सुरक्षेच्या १०९३ या क्रमांकावर कळवता येतं.

आणि हो, शाळेच्या फाटकावर शिपाईकाकांनी तुमच्या बाबांना नाव विचारलं, तर रागावू नका. ते आपलं काम चोख करताहेत!