निवृत्तिकाळातील पत्त्यांचा अभ्यास

निवृत्तीनंतर एखाद्याने पोकर अथवा आपल्याकडील तीन पत्ती या खेळाचा अभ्यास आरंभिला, तर त्यात अभ्यासण्याजोगे काय आहे, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. नांदेड व लातूर ही गावे १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होती, तेथील जुगारविषयक कायद्याखाली चाललेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. कारण तीत पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात. तीन पत्ती मात्र सर्वस्वी दैवाधीन मानली गेली.

परंतु दैवाचेही माप घेता येते. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० संच संभवतात. त्यांपैकी सारख्या तीन पानांचे, म्हणजे ट्रेलचे, ५२ आणि एकाच रंगातील लागोपाठच्या तीन पानांचे ४८. अर्थात दुसरा प्रकार अधिक दुर्मिळ. तरीही प्रघाताने ट्रेल श्रेष्ठ. पाच पानी पोकरमध्ये मात्र प्रतवारी दुर्मिळतेस धरून आहे : फुल हाउसचे संच ३,७४४, तर त्याहून कनिष्ठ फ्लशचे ५,१०८.

यापुढील विद्या डाव केव्हा सोडावा हे ओळखण्याची. ती एका बैठकीत सिद्ध होत नाही. शेकडो डावांची नोंद ठेवावी तेव्हा दैव व कौशल्य वेगळे दिसू लागतात. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे. अभ्यासकाचे त्यात काही अडत नाही. निवृत्तिवेतन पणास लावण्याऐवजी चिंचोके मांडले, तरी गणित तेच राहते.