ट्रॅकसुद्धा शर्यतीत उतरतो

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज मोटारींच्या शर्यतीवर बोलणार, हे वाचून काही जणांना गंमत वाटली असेल. पण विषय तसा लांबचा नाही. बर्नार्ड सूट्स नावाचे एक तत्त्वज्ञ होते. खेळ म्हणजे नेमकं काय, या एकाच प्रश्नावर त्यांनी ‘द ग्रासहॉपर’ नावाचं पुस्तक लिहिलं, १९७८ साली. त्यांचा मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो. खेळात माणूस सोपी वाट बाजूला ठेवतो आणि मुद्दाम अवघड वाट धरतो, कारण ती अवघड वाटच त्याला हवी असते. आपली लंगडी आठवा. दोन्ही पाय धड असताना एका पायावर उड्या कशासाठी? दोन पायांवर धावून गडी बाद करणं सोपं आहे, पण मग ती लंगडी उरत नाही.

मोटारींची शर्यत याचं आणखी ठळक उदाहरण आहे. ती जिथून सुटते तिथेच येऊन संपते. मुक्काम गाठणं एवढाच हेतू असता, तर गाडी सुरू करायचीही गरज नव्हती! म्हणजे तिथे खरा अर्थ आहे तो मधल्या वळणांना. त्यामुळे ती वळणं कशी आखली आहेत, हा प्रश्न नुसत्या इंजिनिअरिंगचा राहत नाही. माणसाच्या कोणत्या गुणाची परीक्षा घ्यायची, हे तिथे ठरत असतं.

आधी थोडं भौतिकशास्त्र, घाबरू नका. टायरची रस्त्यावरची पकड महिन्याच्या पगारासारखी असते. ब्रेक लावायला, वळायला आणि वेग वाढवायला, तिन्हींसाठी खर्च त्याच एका रकमेतून होतो. वळताना सगळी पकड खर्च झाली, की ब्रेकसाठी काही शिल्लक राहत नाही आणि गाडी घसरते. आता वळणाची बाहेरची कड उंच केली तर? मग रस्ताच गाडीला आत ढकलायला लागतो आणि पकडीवरचा भार कमी होतो. रेल्वेच्या रुळांची बाहेरची बाजू वळणावर उचललेली असते ती याचसाठी. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये तर हीच गोष्ट टोकाला नेलेली दिसते. तिथे भिंतच रस्ता होते.

एवढं लक्षात ठेवून आता अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनला जाऊ. हॅरॉल्ड ब्रॅसिंग्टन यांना तिथे लंबवर्तुळाकार ट्रॅक बांधायचा होता. ज्यांच्याकडून जमीन घेतली त्यांची एक अट होती, की जागेवरचं माशांचं तळं बुजवायचं नाही. ब्रॅसिंग्टन यांनी शब्द पाळला आणि तळ्याच्या बाजूचं टोक आवळून घेतलं. ट्रॅक झाला अंड्याच्या आकाराचा. एक टोक पसरट आणि २५ अंश उताराचं, दुसरं अरुंद आणि २३ अंशांचं.

याचा शर्यतीवर परिणाम काय? दोन्ही टोकं सारखी असती, तर मेकॅनिकने गाडी एका प्रकारच्या वळणासाठी जुळवली की काम झालं असतं. इथे पसरट टोकाला जमणारी गाडी अरुंद टोकाला अडते, आणि उलट. कुठे किती नुकसान सोसायचं, हे आधी ठरवावं लागतं. शिवाय वेग टिकवायचा तर बाहेरच्या भिंतीला जवळजवळ चिकटून जावं लागतं. मग गाडीची उजवी बाजू भिंतीला घासते. या ओरखड्याला तिथे ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ असं नावच पडलं आहे. १९५० साली तिथे पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. ७५ गाड्या होत्या. जिंकले जॉनी मँट्झ, सुरुवातीच्या रांगेत बरेच मागे असलेले. वेगवान गाड्यांचे टायर फुटत राहिले. यांनी ट्रकचे कठीण टायर लावले होते आणि ते आपल्या चालीने जात राहिले. तिथे वेगाइतकीच धोरणाचीही परीक्षा झाली, बरं का.

डार्लिंग्टनचा वेडावाकडा आकार योगायोगाने आला. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोचा मात्र ठरवून केलेला आहे. १९७१ साली तिथे मोठ्या शर्यती सुरू झाल्या. आराखडा रॉजर वॉर्ड यांचा, जे स्वतः इंडियानापोलिसची शर्यत दोनदा जिंकलेले. हा ट्रॅक त्रिकोणी आहे. तीन वळणं तीन वेगळ्या ट्रॅकच्या धर्तीवर घेतली आहेत आणि त्यांचा उतारही वेगवेगळा: पहिला १४ अंश, दुसरा सुमारे ८, तिसरा ६. तीन सासवांना एकाच वेळी खूश ठेवायचं, असा हा प्रकार! कुणी पहिल्या वळणासाठी गाडी जुळवतो, कुणी तिसऱ्यासाठी, कारण तिसऱ्यानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा येतो आणि वळणातून बाहेर पडताना मिळवलेला थोडासा वेग तिथे शेवटपर्यंत कामाला येतो. म्हणजे एकाच प्रश्नाची दोन बरी उत्तरं समोरासमोर येतात. माझ्या मते शर्यत खऱ्या अर्थाने इथे सुरू होते.

आता जपानमधलं सुझुका. होंडा कंपनीसाठी जॉन ह्यूगेनहोल्ट्झ या डच माणसाने ते आखलं आणि १९६२ साली ते सुरू झालं. ५.८ किलोमीटरचा हा ट्रॅक इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे आणि पुलावरून स्वतःलाच ओलांडून जातो. यात एक सुंदर गणित दडलं आहे. साध्या, स्वतःला न छेदणाऱ्या ट्रॅकवर एक फेरी मारली, की गाडीने एकाच दिशेला हिशेबाने ३६० अंश जास्त वळण घेतलेलं असतं. म्हणून एका बाजूच्या टायरवर आणि ड्रायव्हरच्या मानेच्या एका बाजूवर जास्त ताण येतो. आठच्या आकड्यात मात्र डावं वळण आणि उजवं वळण यांची वजाबाकी शून्य येते. टायरची झीज अगदी समसमान होते असं नव्हे, कारण प्रत्येक वळणाचा वेग निराळा. पण गाडीला एकाच कुशीवर निजवून ठेवता येत नाही. त्यातून सुरुवातीलाच नागमोडी वळणांची माळ आहे. पहिल्या वळणात गाडी हातभर बाहेर गेली, की पुढच्या प्रत्येक वळणात ती चूक व्याजासकट फेडावी लागते.

मग कुणी म्हणेल, विचित्र आकार म्हणजे चांगली शर्यत. नाही, तसं नाही. बर्लिनचा ‘आवुस’ पाहा. दोन लांबलचक समांतर रस्ते आणि दोन टोकांना वळणं, एवढाच तो ट्रॅक. १९३७ साली उत्तरेच्या टोकाला विटांची ४३ अंश उताराची भिंत उभारली. त्या वर्षी हेरमान लांग यांनी तिथे ताशी २६० किलोमीटरहून जास्त सरासरी वेगाने शर्यत जिंकली. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण ड्रायव्हरला विचार करायला तिथे किती वाव होता? वळण्याचं बरंचसं काम उतारच करत होता. आणि त्या उताराच्या वरच्या कडेला गाडी अडवणारा कठडा नव्हता. १९५९ साली पावसात झां बेहरा यांची गाडी घसरली, वरच्या कडेबाहेर गेली आणि ते गेले. दुसऱ्याच दिवशी तिथे जर्मन ग्रां प्री झाली. १९६७ साली ती भिंत पाडली.

इथे दोन शब्द वेगळे करायला हवेत: अवघड आणि धोकादायक. अवघड गोष्टीला कौशल्याने उत्तर देता येतं. नुसत्या धोक्यापुढे माणूस छाती काढून उभा राहू शकतो, पण त्याच्या हातात फारसं काही नसतं. आवुसच्या भिंतीने धोका वाढवला, अवघडपणा मात्र वाढवला नाही.

याचंच दुसरं रूप १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिसला दिसलं. फॉर्म्युला वनच्या मार्गात तिथल्या जुन्या ट्रॅकचं एक उतरतं वळण घेतलं होतं, तेही उलट्या दिशेने. पूर्ण वेगात, उतारावर दाबल्या गेलेल्या गाडीचा भार मिशेलिनच्या टायरना पेलेना. सरावात अपघात झाला. वळणाआधी वेग कमी करणारा अडथळा घाला, अशी मागणी झाली, ती नाकारली गेली. शेवटी २० पैकी १४ गाड्या परेडच्या फेरीनंतर बाहेर पडल्या आणि ६ गाड्यांचीच शर्यत झाली. यात नाकारणाऱ्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. ज्यांनी योग्य टायर आणले, त्यांच्यासाठी ऐन वेळी ट्रॅक का बदलायचा? लंगडी सुरू झाल्यावर दुसरा पाय टेकायची परवानगी कशी द्यायची? पण चौदा ड्रायव्हरांना त्या वळणावर कौशल्याने देण्याजोगं उत्तरच उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं. मैदानावर हजारो लोक तिकीट काढून बसले होते. त्यांना खेळ बघायला मिळाला नाही.

इथे एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, ‘म्हणजे चांगला ट्रॅक नशिबानेच तयार होतो का?’ तसं नाही. हॉलंडच्या झांडफोर्टला २०२० साली एक वळण नव्याने बांधलं, आणि गंमत म्हणजे त्याला नाव आहे त्याच ह्यूगेनहोल्ट्झ यांचं. त्यात उतार आतून बाहेर वाढत जातो, सुमारे १९ अंशांपर्यंत. आतली वाट जवळची पण सपाट, बाहेरची लांबची पण उताराची. दोघे ड्रायव्हर दोन वाटांनी जाऊ शकतात, आणि कुणाची निवड बरोबर ठरली ते वळण संपल्यावर कळतं.

म्हणून पुढच्या वेळी शर्यत बघाल, तेव्हा पुढे कोण आहे एवढंच बघू नका. एखाद्या वळणावर दोन गाड्या वेगवेगळ्या रेषेने जाताना दिसल्या, तर तिथे थांबा. त्या ट्रॅकने ड्रायव्हरसमोर खरा प्रश्न ठेवला आहे, असं खुशाल समजा.