हरिश्चंद्राची धावपळ

वाशीम जिल्ह्यातील मालेगावसारख्या तालुक्याच्या गावीही आता मोबाइलचा दुकानदार गिऱ्हाइकापुढे '१२० हर्ट्झ'चा पडदा मोठ्या दिमाखाने ठेवतो. (चित्रपटांबद्दल नावाजलेले मालेगाव ते नाशिक जिल्ह्यातले, आमचे नव्हे.) हा पडदा सेकंदाला १२० वेळा नव्याने उजळतो, एवढाच त्याचा अर्थ. मात्र त्याच पडद्यावर दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा उरलेला भाग विद्यार्थ्यांना दाखवावा, तर बहुधा हशा पिकतो. सत्त्वशील राजा लगबगीने धावतो आणि अण्णा साळुंके यांनी रंगविलेली तारामतीही त्याच घाईत दिसते. हा दोष फाळक्यांचा खचितच नव्हे.

मूकपटांच्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवीत. सेकंदाला दोन फेरे आणि फेऱ्याला आठ चित्रे, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ चित्रे, असा साधारण प्रघात होता. हालचालीचा भास होण्यास डोळ्याला एवढी चित्रे पुरतात. प्रकाशाची उघडझाप मात्र सेकंदाला पन्नासएक वेळा झाल्यावाचून तिची लुकलुक जाणवायची थांबत नाही. म्हणून प्रक्षेपकाच्या झडपेला तीन पाती बसवून प्रत्येक चित्र तीनदा उजळीत. चित्रे १६, पण उजेड ४८ वेळा! चित्रांची संख्या आणि उजेडाची संख्या या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे दुकानातील जाहिरात सांगत नाही.

पुढे बोलपट आला. आवाज स्वच्छ उमटावा म्हणून सेकंदाला २४ चित्रे हा दंडक ठरला आणि जुने मूकपटही त्याच वेगाने दामटले जाऊ लागले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. फुटाला १६ चित्रे. जुन्या वेगाने तो एक तासाहून थोडा अधिक चालेल. २४च्या वेगाने तोच ४१ मिनिटांत आटोपतो. ग्रंथांतून त्याची लांबी '४० मिनिटे' अशी आढळते, तिचे इंगित बहुधा हेच असावे.

ज्या माणसाने १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ अंतराअंतराने टिपून, अनेक दिवसांची वाढ पडद्यावर घटकाभरात दाखविली, त्याला वेगाचे मर्म कळत नव्हते असे कोण म्हणेल? त्याच्या नटांना मात्र आपण माकडचेष्टा करावयास लावतो.

हाताने फिरविलेल्या मुठीचा वेग सर्वत्र सारखा नसे, हे खरे. त्यामुळे १६ हा आकडाही डोळे झाकून लावता येणार नाही. माणूस चालताना माणसासारखा दिसतो की नाही, हे डोळ्यांनीच पारखले पाहिजे. जुन्या चित्रपटांच्या प्रती काढणाऱ्या संस्थांनी प्रत्येक प्रतीवर योग्य वेग नोंदवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. तोवर शिक्षकांनी एवढे करावे: मोबाइलवर वेग बदलण्याची सोय असते, तेथे तो पाऊणपट करावा. २४ चित्रांची १८ होतील आणि राजा चालू लागेल.