उसाचे बिल आणि संगणकावरचे सौदे

शेअरचे सौदे आपोआप करणारा संगणक उभा करता येईल का, असे माढ्यातले तरुण मला विचारतात. येईल, आणि फुकटात. विंडोजवर आधी पायथॉन ही संगणकभाषा तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. बसवताना ‘पाथ’च्या चौकटीत खूण करावी, ती राहिली, तर आज्ञा देऊनही विंडोजला पायथॉन सापडत नाही. या कामासाठी वेगळा कप्पा करून त्यात ‘पिप’च्या आज्ञेने ‘बॅकट्रेडर’ मागवावे. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे आत काय लिहिले आहे ते कोणालाही वाचता येते.

खरे काम पुढेच आहे. बॅकट्रेडर तुमचा नियम जुन्या भावांवर चालवून दाखवते. काही वर्षांच्या भावांवर नियम बसवावा आणि न पाहिलेल्या वर्षांवर तपासावा. दलाली जरूर धरावी. कागदावरचा नफा तिथेच आटतो. ‘सेबी’च्या २०२४च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. संगणक चुकीचा नियमही तितक्याच इमानाने राबवतो. तेव्हा उसाचे बिल बाजारात घालण्याआधी नियमाची परीक्षा जुन्या भावांवर होऊ द्या.