किनारा कोणाचा? मौजे अंबाडीची साक्ष

भिवंडीहून वाड्याकडे निघालेल्या रस्त्याला जेथे वज्रेश्वरी-गणेशपुरीचा फाटा फुटतो, त्या अंबाडी नाक्यावर उभ्या राहिलेल्या इसमाला समुद्राची गाज ऐकू येत नाही, खारा वारा झोंबत नाही, आणि पंचक्रोशीतून वाहणाऱ्या तानसेचे पाणीही येथे गोडेच असते; तथापि हे गाव कोकणात मोडते, असे महसुली दफ्तर सांगते आणि भूगोलाचे पुस्तकही सांगते. विकिडेटा, जिओनेम्स यांसारख्या ज्या माहितीसंग्रहांत प्रत्येक स्थळाची आणि प्रदेशाची स्वतंत्र क्रमांकाने नोंद होते, त्यांत किनारी प्रदेश ओळखताना जे गैरसमज नेहमी घडतात, ते तपासून पाहण्यास हे गाव फार सोयीचे आहे.

गैरसमज : कोकण म्हणजेच किनारपट्टी.

वस्तुस्थिती : दमणगंगेपासून तेरेखोलपर्यंत आणि समुद्रापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या या मुलखाचे आपल्या भूगोलकारांनी फार पूर्वीच दोन भाग कल्पिले आहेत : समुद्रालगतची सखल ती खलाटी आणि डोंगराकडची चढती ती वलाटी. किनारपट्टी हा कोकणाचा एक अंश आहे, कोकणाचा पर्याय नव्हे. शहापूर आणि मुरबाड हे तालुके निःसंशय कोकणातले. पण त्यांच्या हद्दीला समुद्र कोठेही शिवत नाही. शिवाय 'कोकण विभाग' ही तिसरीच गोष्ट, कारण मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांचा तो प्रशासकीय विभाग असून शासनाच्या एका आदेशाने त्याची सरहद्द बदलू शकते. सह्याद्री मात्र आदेशाने हलत नाही. म्हणून प्रदेश, विभाग आणि किनारपट्टी यांच्या तीन नोंदी वेगळ्या ठेवून त्या परस्परांशी नात्याने जोडणे, हाच शुद्ध शिरस्ता होय.

गैरसमज : जिल्ह्याला किनारा असला की त्यातील गावेही किनारी ठरतात, आणि एकदा केलेली नोंद कायम राहते.

वस्तुस्थिती : 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा 36 वा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा वसईपासून डहाणूपर्यंतचा सारा किनारा त्याच्याकडे गेला आणि ठाण्याकडे उघडा समुद्र उरला तो केवळ मीरा-भाईंदरच्या उत्तन बाजूचा. भिवंडी तालुका ठाण्यातच राहिला, पण उत्तनच्या त्या किनाऱ्यामुळे अंबाडी काही किनारी गाव ठरत नाही. अर्थात 'वसई ठाणे जिल्ह्यात आहे' हे विधान एके काळी खरे होते आणि आज खरे नाही. अशा विधानाला आरंभाची व अंताची तारीख जोडण्याची तजवीज विकिडेटात आहे, आणि ती न वापरणे म्हणजे जुनी जमाबंदी नवी म्हणून दाखवणे होय.

गैरसमज : समुद्रापासूनचे अंतर मोजले की किनारा ठरतो.

वस्तुस्थिती : समुद्र सरळ रेषेत आत शिरत नाही, तो खाडीच्या वाटेने येतो. कल्याण हे उघड्या समुद्राला अंबाडीपेक्षा जवळ नाही, परंतु उल्हासच्या खाडीतून भरतीचे पाणी तेथवर पोहोचते, आणि म्हणूनच प्राचीन काळी ते भरभराटीचे बंदर होऊ शकले. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत ती उगीच नव्हेत. भिवंडी तालुक्याच्याच दक्षिण अंगाला, कशेळी-काल्हेरकडे, खाडीकाठी तिवरे उभी आहेत. उत्तरेला अंबाडीकडे त्यांचा मागमूस नाही. तटीय नियमनाच्या अधिसूचनेनेही हेच तत्त्व मानले आहे : खाडीतील भरतीचा प्रभाव कोठवर मानायचा, हे वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता दर हजारी 5 भाग जेथवर आढळते त्यावरून ठरते.

गैरसमज : नाव एक म्हणजे ठिकाण एक.

वस्तुस्थिती : वसईत, रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, अंबाडी रोड आहे, तो किनारी तालुक्यातला. भिवंडीचे अंबाडी हे गाव निराळे, आणि ज्या पालेभाजीचे नाव आपण स्वयंपाकघरात घेतो ती अंबाडी त्याहून निराळी. केवळ नावावरून जुळणी करणाऱ्या यंत्राने या तिघांची खिचडी केली तर दोष यंत्राचा नव्हे. अक्षांश-रेखांश, तालुका आणि नोंदीचा प्रकार न लिहिणाऱ्या कारकुनाचा होय.

गैरसमज : किनाऱ्याची लांबी ही एकच निश्चित संख्या आहे.

वस्तुस्थिती : महाराष्ट्राचा किनारा 720 किलोमीटर, असे पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले, अलीकडच्या फेरमोजणीत तो 877.97 किलोमीटर भरला, आणि भारताचा 7,516.6 वरून 11,098.81 वर गेला. समुद्राने जमीन सोडली असे काही झाले नाही. नकाशाचे प्रमाण मोठे घेतल्यामुळे पूर्वी सरळ धरलेल्या रेषेत खाड्यांची वळणे गणली गेली. म्हणून लांबीच्या आकड्याशेजारी मोजणीचे वर्ष आणि नकाशाचे प्रमाण यांची नोंद हवी.

या कसोट्या लावल्या म्हणजे मौजे अंबाडीची नोंद पुढीलप्रमाणे होईल : गाव, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, प्रदेश कोकण, विभाग कोकण, नदी तानसा, जी पुढे पश्चिमेस वैतरणेला मिळून समुद्राला जाते, आणि किनारपट्टीच्या रकान्यात, संकोच न करता, 'नाही'.