ईश्वराच्या नावांचा वाद आणि तथागतांचा प्रश्न

ख्रिस्ती बांधवांशी धर्मचर्चा करताना यहोवा, एलोहीम, प्रभू ही ईश्वराची नावे नेहमी कानी पडतात. येशू हा स्वतः ईश्वर की ईश्वराने पाठविलेला पुरुष, याविषयी ख्रिस्ती पंथांतच मतभेद आहेत आणि दोन्ही पक्ष आपले पुरावे हिब्रू व ग्रीक शब्दांतून काढतात. ईश्वर न मानणाऱ्या बौद्धांनी या वादात का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. एखादे मत नाकारण्यापूर्वी ते नीट समजून घेणे हा धम्माचाच संस्कार आहे. शिवाय, एका महापुरुषाला दुसऱ्याच देवतेचे रूप ठरविण्याचा प्रयोग आपल्या शास्त्यावरही झालेला आहे.

हिब्रू बायबलमध्ये ईश्वराचे व्यक्तिनाम योद, हे, वाव, हे या चार व्यंजनांनी लिहिलेले असून ते ६,८०० हून अधिक वेळा आले आहे. प्राचीन हिब्रू लेखनात स्वरचिन्हे नव्हती. पुढे पावित्र्याच्या भावनेने यहुदी लोकांनी या नावाचा उच्चार सोडला आणि ग्रंथवाचनात त्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असे म्हणण्याचा प्रघात पडला. मसोरेती पंडितांनी ग्रंथाला स्वरचिन्हे दिली, तेव्हा या चार व्यंजनांना त्यांनी ‘अदोनाय’ची चिन्हे जोडली. येथे ‘अदोनाय’ वाचावे, एवढीच ती खूण होती. ती जशीच्या तशी वाचल्याने ‘यहोवा’ हे मिश्र रूप तयार झाले. मूळ उच्चार ‘याहवे’ असावा, असे बहुतेक विद्वान मानतात. प्रचलित मराठी बायबलमध्ये या नावाच्या जागी ‘परमेश्वर’ हा शब्द येतो.

‘एलोहीम’ हा दुसरा शब्द. त्याचे रूप अनेकवचनी आहे. यावरून ईश्वर एकाहून अधिक व्यक्तींचा आहे, असा त्रैक्याचा पुरावा काही ख्रिस्ती प्रचारक देतात. परंतु हा पुरावा टिकत नाही. इस्राएलच्या ईश्वरासाठी हा शब्द येतो तेव्हा त्याचे क्रियापद बहुधा एकवचनी असते. हाच शब्द पलिष्ट्यांच्या दागोन देवासाठी, सीदोनी लोकांच्या अष्टोरेथ देवीसाठी आणि निर्गम ग्रंथात मोशेसाठीही योजलेला आहे. मोशे त्रिविध होता, असे कोणीही म्हणत नाही. ‘बाबासाहेब आले’ असे आपण म्हणतो, तेव्हा क्रियापद अनेकवचनी असूनही व्यक्ती एकच असते. व्याकरणाच्या रूपावरून व्यक्तींची संख्या काढता येत नाही, हे मराठी माणसास वेगळे सांगावयास नको.

तिसरा शब्द ग्रीक आहे. हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झाले. ख्रिस्ती परंपरेत जपलेल्या त्याच्या प्रतींत ईश्वरनामाच्या जागी ‘किरिओस’, म्हणजे ‘प्रभू’, हा शब्द आढळतो. धन्यालाही किरिओसच म्हणत. नव्या करारात हा शब्द येशूला लावला गेला. पौलाने तर योएल संदेष्ट्याचे, ईश्वरनामाविषयीचे वचन येशूच्या संदर्भात वापरले. त्याच पौलाने अन्यत्र पिता हा एकच ईश्वर आणि येशू हा एकच प्रभू, असा भेदही केला आहे. त्यामुळे एकाच ग्रंथातून दोन्ही पक्षांना आधार सापडतो.

चौथ्या शतकात हा वाद विकोपास गेला. पुत्र हा निर्माण केलेला आहे, असे एरियसचे म्हणणे होते. सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलाविलेल्या इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने पुत्र हा पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असा निर्णय दिला. त्यासाठी वापरलेला ग्रीक पारिभाषिक शब्द बायबलमध्ये नाही. वाद तेथेही संपला नाही. इ. स. १९३१ मध्ये ‘यहोवाचे साक्षीदार’ हे नाव घेणारा पंथ आजही त्रैक्य नाकारतो.

दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात असाच एक वाद आहे. ब्रह्म्याकडे जाणारा सरळ मार्ग कोणत्या आचार्याचा, यावर वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भांडत तथागतांकडे आले. तथागतांनी कोणाचाही पक्ष घेतला नाही. तुमच्यापैकी, तुमच्या आचार्यांपैकी किंवा प्राचीन ऋषींपैकी कोणी ब्रह्म्याला प्रत्यक्ष पाहिले आहे काय, असे त्यांनी विचारले. उत्तर नकारार्थी आले. शब्दांचा अर्थ कितीही अचूक लागला, तरी त्याने शब्दांमागील वस्तू सिद्ध होत नाही, हाच या प्रश्नाचा आशय होय.

१९५० साली लिहिलेल्या लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच भेद दाखविला. येशूने स्वतःस ईश्वराचा पुत्र म्हटले. बुद्धांनी मात्र स्वतःसाठी असे कोणतेही स्थान मागितले नाही, ते मोक्षदाते नसून मार्गदाते आहेत. तरीही त्यांना विष्णूचा अवतार ठरविण्यात आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा ही समजूत खोटी ठरविते. नाव जोडले की उपदेश झाकला जातो, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

तेविज्ज सुत्त खंडनावर संपत नाही. तथागत त्या तरुणांना शील, मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांचा मार्ग सांगतात. म्हणून ख्रिस्ती बांधवांशी चर्चा करताना उपहास नसावा. येशूची दीनांविषयीची करुणा आदरास पात्र आहे, आणि तिच्यासाठी नायसियाच्या निर्णयाची आवश्यकता नाही. हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. आपण ‘बुद्ध’ हे नाव दिवसातून किती वेळा उच्चारतो, यावर नव्हे, तर शेजाऱ्याशी कसे वागतो यावर आपले बौद्धत्व ठरेल.